कोल्हारच्या ओट्यावर मी बसलो होतो म्हणे

या ग्रुपवर मी चारेक वर्षं नुसता वाचत आलोय. कधी लाईक नाही, कमेंट नाही. खरं सांगायचं तर तुमच्यातल्या निम्म्या लोकांना मी मनातल्या मनात थापाडे म्हटलेलं आहे... त्याची आधीच माफी मागतो. आता मला थापाड्या म्हणायची पाळी तुमची.

'माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता' हे वाक्य इथे प्रत्येकजण लिहितो. मीही लिहितो, पण माझ्या बाबतीत ते नुसतं सुरुवातीचं वाक्य नाही. त्या अविश्वासापायी माझं एक माणूस तुटलं. एकुलतं एक होतं.

आमचं घर बौद्ध. छप्पन साली आजोबांनी घरातले देव गाठोड्यात बांधून नदीत सोडले, ही गोष्ट बाबा आम्हाला इतक्या वेळा सांगायचे की ते गाठोडं मी स्वतः पाहिल्यासारखं वाटतं. बाबा नगरच्या एसटी डेपोत मेकॅनिक होते. भिंतीवर बुद्धाचा फोटो, शेजारी फ्रेम केलेल्या बावीस प्रतिज्ञा. एकदा माझा ताप उतरेना म्हणून आईने गुपचूप मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या, तर बाबा दोन दिवस तिच्याशी बोलले नव्हते. मी बाबांच्या वळणावर गेलो. माझी धाकटी बहीण सुजाता आईच्या.

मी नगरमधल्या (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण जीभ वळत नाही) एका ट्रस्टच्या हॉस्पिटलमध्ये ओटी (ऑपरेशन थिएटर) असिस्टंट आहे. एकोणीस वर्षं झाली. लहान मुलांच्या मेंदूची आणि मणक्याची ऑपरेशनं करणारे सर पुण्याहून येतात, दर मंगळवारी. त्या दिवशी आमचा मजला लहानग्यांनी भरलेला असतो. कुणाच्या पाठीवर जन्मतः गाठ, कुणाच्या डोक्यात पाणी साठलेलं. डोक्यात पाणी म्हणजे आपल्या सगळ्यांच्या मेंदूभोवती जे पाणी फिरत असतं, त्याची वाट कुठेतरी बंद होते, पाणी तुंबतं आणि बाळाचं डोकं वाढत जातं. मग मेंदूतून पोटापर्यंत कातडीखालून एक बारीक नळी टाकतात, तिला शंट म्हणतात. साठलेलं पाणी त्या नळीतून पोटात उतरतं आणि तिथे जिरून जातं. बाळाला आत घेणं, गार पडू नये म्हणून हातापायांना कापूस गुंडाळणं, टेबलावर नीट झोपवणं ही माझी कामं. आणि एक काम त्याआधीचं... केस काढणं.

आता गंमत बघा. पाच-सात महिन्यांच्या बाळाचं बहुतेक वेळा जावळ निघालेलं नसतं. आणि जावळ काढायचं तर मामाच्या मांडीवर. मग ऑपरेशनच्या सकाळी बाळांच्या आया अडून बसतात. कुणाचा मामा गावाहून निघालेला असतो, कुणाचा व्हिडिओ कॉलवर असतो... एकदा तर एका मामाने फोन भूल देणाऱ्या मॅडमना हातात धरायला लावला होता. आमच्या शिंदे सिस्टर मला नेहमी चिडवायच्या, 'तुम्हीच बसा की मामा म्हणून, फुकटात शंभर भाचे होतील.' मी कधी बसलो नाही. माझं ठरलेलं उत्तर असायचं, माझं काम केस काढायचं, मामा व्हायचं नाही.

हे उत्तर मी सगळ्यात आधी, वेगळ्या शब्दांत, दिलं होतं ते माझ्या सख्ख्या बहिणीला.

सुजाता कोल्हारला दिली. घर रस्त्यापासून आत, नदी चालत दहा मिनिटांवर. तिला लग्नानंतर सहा वर्षांनी मुलगा झाला, सिद्धांत. आम्ही सिद्धू म्हणायचो. पाचव्या महिन्यात मी त्याला बघायला गेलो तर सगळं घर खुशीत, डोकं मोठं आहे म्हणजे पोरगं हुशार निघणार. मी त्याचे डोळे पाहिले. बुबुळं खाली कललेली, वर पांढरं दिसत होतं, डोक्यात पाणी साठल्याची खूण. मला बशीतला चहा संपवता आला नाही. त्याच आठवड्यात मी त्याला नगरला आणलं, सरांना दाखवलं, मंगळवार ठरवला.

त्या सकाळी ओटीच्या बाहेर सुजाता मला म्हणाली, 'दादा, मी दुसरं काही मागत न्हाई. पाच मिनिटं त्याला मांडीवर घे, आन् तूच काढ केस. मामाच्या मांडीवर झालं की माझ्याबी मनाला बरं वाटंल.' तिचं सासर बौद्धच, पण जावळाचं त्यांनी सोडलेलं नव्हतं. अनेकांच्या घरी सोडलेलं नाही. मी तिला काय म्हणालो ते शब्दाशब्दाने आठवतं. 'सुजा, तू बाबांचीच मुलगी ना?' ती म्हणाली, 'असू दे.' एवढंच.

मी सिद्धूला आत नेलं, टेबलावर झोपवलं, आयाबाईंनी पाय धरले. तेव्हा आमच्याकडे वस्तराच वापरत असत, आता वापरत नाहीत, मशीन आहे. वस्तऱ्याने कातडीला बारीक जखमा होतात आणि त्यातून जंतू आत जायची भीती असते, हे नंतर सगळ्यांना शिकवलं गेलं. सिद्धू मान टाकून टाकून रडत होता. अनोळखी छत, अनोळखी हात. आणि माझ्या हातून त्याच्या उजव्या कानामागे कापलं. तांदळाच्या दाण्याएवढं असेल. मी कापूस दाबून धरला, रक्त थांबलं, मी कुणाला बोललो नाही. सरांना सांगितलं असतं तर कदाचित त्यांनी जखम भरेपर्यंत ऑपरेशन पुढे ढकललं असतं. कदाचित म्हणाले असते, काही होत नाही. मी विचारलंच नाही.

ऑपरेशन छान झालं. नवव्या दिवशी ताप भरला. नळीला इन्फेक्शन झालं होतं. ती काढली, औषधं चालू केली, सरांनी जे जे करता येतं ते केलं. महिन्याभराने तो गेला.

इन्फेक्शन शंभर कारणांनी होतं. त्या कापल्यामुळेच झालं असं कुणी सांगू शकत नाही, त्यामुळे झालं नाही असंही कुणी सांगू शकत नाही. मी नऊ वर्षं या दोन वाक्यांच्या मधे राहतोय. आज हे पहिल्यांदा कुठेतरी लिहितोय.

त्यानंतर मी तीन वेळा कोल्हारला गेलो. सुजाताने पाणी दिलं, चहा दिला, आणि आत जाऊन शिलाई मशीनवर बसली. भांडली नाही, दोष दिला नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. मला वाटलं, मी मांडीवर घेतलं नाही ते तिच्या जिव्हारी लागलंय. चौथ्यांदा मी गेलो नाही. पुढे आई गेली, बाबा गेले, तेवढ्यापुरत्या भेटी झाल्या, त्याही चार माणसांत. माझं लग्न आधी जमलं नाही, नंतर मी जमवलं नाही. माळीवाड्यात एक खोली आहे, मेसचा डबा येतो. दिवाळीत सगळा स्टाफ सुट्टीसाठी भांडतो आणि मी माझी ड्यूटी पाडव्याला आणि भाऊबीजेला लावून घेतो, म्हणून लोक मला भला माणूस समजतात.

आता मूळ गोष्ट.

गेल्या जानेवारीतला मंगळवार. पहिलीच केस आरोही, वय सात महिने, डोक्यात पाणी, शंट टाकायचा. गाव तिसगावच्या पुढची एक वस्ती. आई बावीस-तेवीस वर्षांची असेल, संगीता नाव. नवरा आणि भाऊ दोघेही एकाच टोळीत ऊसतोडीला कर्नाटकात, तीही तिकडेच होती. पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, बाळाचं डोकं वाढत चाललं तेव्हा कारखान्याच्या दवाखान्यात कुणीतरी नगरचं नाव सांगितलं, आणि ही बाई बाळाला घेऊन एसटी बदलत बदलत एकटी आली. गावाहून सासरे तेवढे आले होते, ते खाली जिन्यापाशी पिशवी राखत बसलेले.

त्या दिवशी माझा मूड आधीच खराब. आमच्या ओटीत आतल्या चपला वेगळ्या असतात. माझी एक कुणीतरी घालून गेलं होतं, त्यामुळे एका पायात निळी आणि एका पायात पांढरी अशा अवतारात मी फिरत होतो. मी मशीन घेऊन प्री-ऑपच्या, म्हणजे ऑपरेशनआधी बाळांना तयार करायच्या, खोलीत गेलो, तर संगीताने आरोहीचं डोकं पदराखाली झाकून घेतलं.

'जावळ न्हाई काढलेलं तिचं अजून,' ती म्हणाली. 'आमच्यात मामाच्या मांडीवर बसल्याबिगर डोक्याला कातर लावीत न्हाईत.'

तिने भावाला सकाळपासून दहा-बारा वेळा फोन लावला होता. तिकडे उसाच्या फडात रेंज नव्हती. मी नेहमीसारखं समजावलं, की सर साडेदहाला सुरू करणार, उशीर करून चालणार नाही, बाळासाठीच आहे सगळं. ती शहाणी बाई होती, तिने वाद घातला नाही. बाळाच्या डोक्यावरचा पदर काढला.

'असू द्या मग,' ती म्हणाली. 'तुमचंबी काम हाय.' आणि तोंड भिंतीकडे केलं.

मी मशीन सुरू केलं आणि बंद केलं. मला ते जमेना. नऊ वर्षांत किती बाळांचे केस मी काढले असतील, पण त्या बाईने ज्या तऱ्हेने तोंड फिरवलं ते मला बघवेना. मी मशीन शिंदे सिस्टरांच्या हातात दिलं, कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, त्यावर बसलो आणि म्हणालो, द्या इकडे. सिस्टर म्हणाल्या, 'आज सूर्य कुठून उगवला?' संगीताने आरोहीला माझ्या मांडीवर ठेवलं, स्वतःचा रुमाल पसरून खाली धरला म्हणजे केस जमिनीवर पडू नयेत, आणि मला विचारलं, 'दादा, तुम्हाला बहीण हाय का?' मी म्हणालो, आहे, कोल्हारला. 'मंग झालं,' ती म्हणाली.

तुम्ही विचाराल तेव्हा काय वाटलं. काहीही वाटलं नाही. अंगावर काटा नाही, गार वारा नाही, कसला वास नाही. म्हणजे वास होता, खोबरेल तेलाचा. डोकं जड असतं अशा बाळांचं, ते मी डाव्या तळव्यावर तोलून धरलं होतं. ती रडली नाही. मशीनच्या आवाजाकडे कान देऊन पडून राहिली आणि मधेच तिने माझी पॅन्ट ओली केली. अर्धं डोकं भादरून विचित्र दिसण्यापेक्षा सिस्टरांनी सगळंच काढलं. वीसेक मिनिटं लागली. संगीताने रुमालाला गाठ मारली. मी पॅन्ट बदलली आणि कामाला लागलो.

ऑपरेशन नीट झालं. बारा वाजता बाळ बाहेर. एकच्या सुमाराला मी जेवायला निघालो, लॉकर उघडला, मोबाईल पाहिला. एक मिस्ड कॉल. सुजाता, सकाळी नऊ सत्तेचाळीस.

नऊ वर्षांत तिने मला स्वतःहून एकदाही फोन केला नव्हता. आई तिच्याकडे असताना गेली, तेव्हाही निरोप मेहुण्यांकडून आला होता. माझ्या मनात आलं, आता कोण गेलं... लॉकरला टेकूनच मी फोन लावला.

'दादा,' ती म्हणाली, 'सकाळी तू कुठं हुतास?'

मी म्हणालो, हॉस्पिटलला, मंगळवार आहे. तिने पुन्हा विचारलं, सकाळी, दहाच्या आधी? मी म्हणालो, इथेच, काय झालं? मागे कुणाच्या तरी रेडिओचा आवाज येत होता. मग तिने सांगितलं. ती रडत नव्हती, तिचा आवाज उलट फार सावध होता.

ती पडवीत मशीनवर बसली होती. मशीन ओट्याकडे तोंड करून ठेवलेलं असतं. ब्लाऊज शिवताना दोरा संपला म्हणून तिने तो बदलायला घेतला, सुईत ओवायला मान वर केली, तर ओट्यावर मी बसलेलो. हिरवे कपडे, डोक्याला टोपी. पायात दोन रंगाच्या चपला, एक निळी, एक पांढरी. आणि मांडीवर सिद्धू. पाच महिन्यांचा होता तसाच. त्याचं डोकं माझ्या डाव्या हातावर होतं आणि डोक्यावरचं जावळ थोडं थोडं कमी होत होतं, पण काढणारं माणूस दिसत नव्हतं.

तिला आधी वाटलं मी खरंच आलोय. ओट्यावर येऊन बसतो आणि हाक मारत नाही याचा तिला रागही आला म्हणे. मग सिद्धूकडे नीट लक्ष गेलं. तिने मोबाईल उचलला आणि माझा नंबर लावला.

'माझ्या कानात रिंग वाजत हुती,' ती म्हणाली, 'आन् ओट्यावर काईच वाजत न्हवतं. तवा मला कळलं, तू आलेला न्हाईस.'

मी विचारलं, मग तू काय केलंस? मला वाटलं ती म्हणेल ओरडले, सासूबाईंना बोलावलं. ती म्हणाली, तिने फोन ठेवला आणि पुन्हा मशीन चालवायला लागली. दोरा न ओवताच. उठलं किंवा हाक मारली तर आम्ही दोघं जाऊ, म्हणून ती मान अर्धी वर ठेवून मोकळंच मशीन चालवत बसली. सगळे केस निघेपर्यंत. मग आतून सासूबाईंनी काहीतरी विचारलं, तिने तिकडे बघून उत्तर दिलं, आणि परत पाहिलं तर ओटा रिकामा. तिने जाऊन हात फिरवून बघितलं. ओट्यावर एक केससुद्धा नव्हता.

मी खाली पाहिलं. पायात अजून त्याच चपला होत्या, एक निळी, एक पांढरी. तोपर्यंत मी मनात म्हणत होतो, बिचारीला भास झाला. चपला पाहिल्यावर मात्र मी तिथेच बाकावर बसलो.

त्या संध्याकाळी मी काय केलं ते सांगितलं तर हसाल. मी सिक्युरिटीच्या केबिनमध्ये गेलो, पेन हरवल्याचं निमित्त काढलं, आणि प्री-ऑपच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग बघायला मागितलं. मला बघायचं होतं की मी तिथे होतो का. होतो. नऊ चव्वेचाळीसला स्टुलावर बसलो, दहा वाजून तीन मिनिटांनी उठलो. मधल्या वेळात मी, आरोही, शिंदे सिस्टर, संगीता. दुसरं कुणी नाही. दोनदा पाहिलं. आपण जिथे होतो तिथेच होतो याचा पुरावा बघून माणूस घाबरतो, हे मला त्या दिवशी कळलं.

खुलासे मीही शोधले. सिस्टरांनी सुजाताला काही कळवलं असेल? त्यांना ती माहीतही नाही. चपलांचं कुणी सांगितलं? मी नऊला आत गेल्यापासून बाहेर आलोच नव्हतो. आणि त्या दिवशी मी कुणा बाळाला मांडीवर घेणार आहे हे तर नऊ चाळीसपर्यंत मलाच माहीत नव्हतं.

सुजाताने फोन ठेवताना ये असं म्हटलं नाही, आणि मीही येतो म्हटलं नाही. मी कदाचित गेलोही नसतो, माझा स्वभाव मला माहीत आहे. पण डिस्चार्जच्या दिवशी संगीताने रुमालाची पुरचुंडी माझ्या हातात ठेवली. जावळ मामानेच नदीत सोडायचं असतं. त्यांच्याकडच्या नदीला पाणी नव्हतं. 'तुमची बहीन कोल्हारला ना,' ती म्हणाली, 'तिथं प्रवरा हाय.' तिने हे इतकं सहज म्हटलं, की मी पुरचुंडी खिशात ठेवली. रविवारी मी मनमाड रोडच्या एसटीत बसलो. खिशात एका परक्या मुलीचं जावळ. बाबा असते तर दोन दिवस बोलले नसते.

सुजाताचे केस कानांजवळ पांढरे झालेत. तिने पाणी दिलं, चहा दिला, आणि या वेळी आत गेली नाही, समोर बसली. मग मला म्हणाली, 'तिथं बस बरं.' मी ओट्यावर तिने दाखवल्या जागी बसलो. तिने पडवीतून पाहिलं, मशीनवर बसून पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरून कळलं की आज नुसता मीच होतो.

आणि मग मी तिला सांगितलं. ठरवून गेलो नव्हतो. कानामागे कापलं ते, दाबून धरलं ते, सरांना सांगितलं नाही ते. सांगताना मी तिच्याकडे बघू शकत नव्हतो, समोरच्या तुळईकडे बघून बोलत होतो.

'मला ठाव हाय,' ती म्हणाली.

पहिलं ड्रेसिंग बदललं तेव्हाच तिने ते पाहिलं होतं. आई होती ती, तिच्या नजरेतून काय सुटणार.

'तू सांगशील म्हणून मी वाट बघितली दादा,' ती म्हणाली. 'तीनदा आलास, तीनदा वाटलं आज सांगशील. मांडीवर घेतलं न्हाईस ते मी त्याच दिवशी इसरले हुते. हातून हुतं माणसाच्या. पर तू एकट्यानं धरून बसलास, आन् मलाबी एकटीला बसवलंस.'

मी पन्नाशीकडे झुकलेला माणूस आहे. त्या ओट्यावर मी लहान पोरासारखा रडलो. शेजारची बाई कपडे वाळत घालायची थांबून बघत होती, बघू दे म्हटलं. सुजाता माझ्याजवळ आली नाही, तिला ते जमत नाही, पण तिने आतून तांब्या भरून आणला आणि माझ्या शेजारी ठेवला. नऊ वर्षं मी समजत होतो की माझ्या अविश्वासामुळे बहीण गेली. बहीण कुठेच गेली नव्हती, कोल्हारला वाट बघत बसली होती.

दुपारी आम्ही दोघं नदीवर गेलो. पाणी बेताचंच होतं, पण वाहतं होतं. मी रुमालाची गाठ सोडली आणि आरोहीचं जावळ पाण्यात सोडलं. कसलं काही म्हटलं नाही, मला काही येतही नाही. परतताना पुलाच्या चढावर सुजाता थांबली. तिला काहीतरी विचारायचं होतं, हे मला मघापासून जाणवत होतं.

'तुला काय वाटलं रं तवा?' तिने विचारलं. 'मांडीवर काई... जड लागलं?'

मला खोटं बोलता आलं असतं. हो म्हणालो असतो तर ती किती सुखावली असती. पण न सांगण्याने काय होतं ते नुकतंच कळलं होतं. मी म्हणालो, 'नाही सुजा. माझ्या मांडीवर आरोहीच होती.'

तिने मान हलवली. थोडं चालून गेल्यावर म्हणाली, 'हसत हुता तो.'

एप्रिलमध्ये आरोही तपासणीला आली होती. ऊस संपून टोळी परत आली होती, त्यामुळे या वेळी सोबत बाप होता आणि खरा मामाही. डोकं वाढायचं थांबलंय, नजर वर यायला लागलीय, मान धरते. सर खूश होते. त्या मामाला मी मुद्दाम विचारलं, त्या मंगळवारी सकाळी तुम्हाला काही जाणवलं का? तो म्हणाला, मोळ्या बांधत होतो दादा, काय जाणवणार. मी जास्त खोदलं नाही.

सुजाता आता दर रविवारी फोन करते. महिन्यातून एकदा मी जातो. ती मशीनवर बसते, मी ओट्यावर बसतो, इकडचं तिकडचं बोलतो. ती मधेच मान वर करून माझ्या मांडीकडे बघते ते मला दिसतं. परत कधी काही झालेलं नाही.

तुमच्यापैकी कुणाला याचा उलगडा होत असेल तर लिहा, मी वाचेन, हसणार नाही. मला झालेला नाही. भूतबित म्हणायचं तर त्या दिवशी ओट्यावर दिसलेला एकजण मीच होतो, आणि मी तर जिवंत आहे, मंगळवारी ड्यूटीवर असतो. मी आजही अंगारा लावत नाही, बावीस प्रतिज्ञा आता माझ्या खोलीत आहेत. डोळ्यासमोर येतं ते एवढंच, की माझ्या बहिणीला तिचं बाळ वीस मिनिटं दिसलं. ती वीस मिनिटं मी सिद्धूला मांडीवर घेऊन बसलो होतो, त्याचं डोकं माझ्या हातावर होतं, तो हसत होता... आणि मला ते कळलंसुद्धा नाही.